कपाळामागचं

प्रताप नगर, नागपूर
२१ जानेवारी १९७९

प्रिय यमुताईले,

प्रेमाचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. उमरेडले सगळे खुशाल आहेत, वाचून बरं वाटलं. इकडं थंडी अशी पडली का दात वाजून राहिले. यांच्या कपाळाची जखम पुरती भरली. भूक लागते, झोप लागते. आम्ही खोली सोडून राहिलो, तेवढं कळवायचं होतं.

तू म्हणशील, काहून? सात वर्षं राहिले, आताच काय झालं? थांब वं, सांगते.

सायकलवरून पडल्यापासून यांच्या तोंडाले झाकण नाही. साहेबाले तोंडावर म्हणाले, तुमचं इंग्रजी कच्चं आहे! डॉक्टरांनी समजावलं, कपाळामागं मेंदूचा एक भाग असतो. समोर कोण आहे, काय बोलावं, काय गिळावं, हे तो तोलतो. यांच्या त्याच भागाले मार बसला. म्हणे, कोणाचं हे तोलणं जन्मापासूनच जास्त, कोणाचं कमी. मले हसूच आलं. तुझं तर नावालेच असेल! अन् माझं? तुले कार्डावर नुसतं नमस्कार लिहायले लावलं, कारण पोस्टमन कार्ड मालकिणीच्या हातात देतो. तुले कधी इथं राहायले बोलावलं नाही, तेही त्याच्याचपायी. आम्ही कोण, हे इथं कोणाले सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर खोली मिळाली नसती.

परवा आमच्या मालकीण कुसुमावतीबाईंकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मीही बसली होती, दरवर्षीसारखी. कुसुमावतीबाई मले कुंकू लावतच होत्या, तं हे दारात उभे. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “सगळ्या बायांले जयभीम! प्रेमा, आपण बौद्ध ना वं? मग हे काहून लावून घेऊन राहिली?”

कुसुमावतीबाईंनी कुंकवाचं बोट मागं घेतलं.

बाया गेल्यावर कुसुमावतीबाईंनी मले बाजूले घेतलं. वाईट नाही वं ती बाई, आजारात यांच्यासाठी डबा भरून खिचडी पाठवायची. म्हणाल्या, “डोक्याला मार लागलाय, काहीही बरळतात. तुम्ही फक्त चारचौघींसमोर तसं म्हणा. खोली तुमचीच.”

खरं सांगते ताई, ‘हो’ ओठावर आलं होतं. दुसरी खोली कुठं शोधू? पण हे तिथंच उभे होते, माझ्याकडं पाहत. साऱ्या आजारात एवढी एकच गोष्ट ते शहाण्यासारखी बोलले, अन् तिलेच मी वेड म्हणू? माझ्यानं झालं नाही. म्हटलं, “मार लागला हे खरं. बोलले तेही खरं.”

संध्याकाळी त्यांचा डबा धुऊन परत द्यायले गेली. म्हणाल्या, “तो राहू द्या तुमच्याकडंच.” अन् महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणून सांगितलं.

भीती वाटते वं. पण काल घरात मी यांच्याशी मोठ्यानं बोलली, मालकिणीकडच्या भिंतीकडं न पाहता.

सामान बांधायले ये. फाटकातूनच हाक मार, तुझ्या त्या खणखणीत आवाजात. त्याआधी एक कार्ड टाक, उघडंच. वरती काय लिहायचं, ते आता मीच पहिले लिहिते.

तुले सप्रेम जयभीम.

तुझी,
प्रेमलता