तैपिंगच्या थडग्यावर उचललेला भंडारा

७ एप्रिल १९८७, क्वालालंपूर

निघायच्या दिवशी सकाळी मी पहिल्या मोटारीनं खानापूरला जाऊन मैलार मल्लण्णाचं, आमच्या खंडोबाचं दर्शन घेतलं. देवळातला भंडारा कागदाच्या पुडीत बांधून आणला, चिमूटभर मेंढरांवर उधळला आणि मगच आमचं कोहिनूर गाव सोडलं. बायको पार्वती दारात उभी होती. म्हणाली, "मामंजीला संगं घिऊनच या. मोकळ्या हातानं येऊ नका."

इथं विमानतळावर लेक हेमावती, जावई सिद्धू आणि नात नागव्वा घ्यायला आले होते. नागू सहा वर्षांची, माझ्या आईचं नाव तिला ठेवलंय. मला बघताच तिनं विचारलं, "आज्जा, मेंढरू कामून आनलं न्हाई?" सिद्धू म्हणाला, मामानं आणलं असतं, पण मेंढराला खिडकीजवळची जागा मिळाली नसेल. फार हसलो. ही वही हेमावतीनं दिली. रोज लिहा अण्णा, म्हणाली.

माझे वडील निजामाच्या पलटणीतून मलायाला, म्हणजे या मुलखात, जपान्यांशी लढाईवर आले तेव्हा मी कळता नव्हतो. मेल्याची खबर आली, बाकी काही आलं नाही. आमच्यात माती देतात. माती द्यायलाही आईच्या हाती काही लागलं नाही. आता सिद्धूची गाडी आहे, त्याची रजा आहे. आधी तैपिंगला शिपायांची थडगी, मग जंगलातून कोटाबारूचा किनारा, जिथं वडिलांची पलटण लढली. तिथून परत आलो की सगळेच मिळून गावाकडं. देवानं फार चांगले दिवस दाखवले.

९ एप्रिल, तैपिंग

डोंगराच्या पायथ्याशी हिरवंगार गवत आणि त्यात पांढऱ्या दगडांच्या रांगा. पुष्कळ दगडांवर नावच नाही. एका दगडावरचं सिद्धूनं वाचून दाखवलं. हिंदी सैन्याचा शिपाई, एवढंच. मी तिथंच बसलो. सिद्धू म्हणाला, "मामा, ह्यो कुनाचाबी असंल की. अप्पा कोटाबारूला लढले, तिथं गेल्यावर करा काय करायचं ते." त्याचं खरं होतं. पण इतक्या वर्षांनी एक दगड हाताला लागला होता, मला उठवेना.

पुडी सोडली. भंडारा उचलला आणि मोठ्यानं बोललो, "अप्पा, तुमाला घेतल्याबिगर मी घर बघनार न्हाई." आमच्यात भंडारा उचलून घातलेली शपथ मोडत नाहीत. मोडली तर घर बसतं, वंश बुडतो.

उठताना डावा खांदा जड झाला, कोकरू खांद्यावर घेतल्यासारखा. वाटलं, अप्पा आले. डोळे भरून आले.

१० एप्रिल, गेरिक

दिवसभर जंगलातला रस्ता. मागच्या सीटवर मी आणि नागू. नागू मधल्या रिकाम्या जागेशी बोलत होती. कुणाशी बोलतेस विचारलं, तर म्हणाली, दुसऱ्या आज्जाशी. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. तुझे पणजोबा आहेत, बोल, म्हणालो. हेमावतीनं पुढून वळून माझ्याकडं बघितलं, तिला आवडलं नाही.

संध्याकाळी नागूनं सांगितलं की दुसरा आज्जा सारखं एकच विचारतो, तुमचं घर कुठं आहे? मला हसू आलं. इतकी वर्षं परमुलखात पडलेला माणूस, विसरला असेल बिचारा.

१२ एप्रिल, कोटाबारू

किनाऱ्यावर उभं राहून समुद्राला हात जोडले. खांदा अजून जड.

मग गाडीत बसल्यावर मी नागूला म्हणालो, त्यांना माझ्या आईचं नाव विचार. स्वतःच्या बायकोचं नाव कुणी विसरत नाही. आणि ते तर नागूचंच नाव. नागूनं विचारलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "त्येला ठावं न्हाई. म्हनतोय, नावाचं काय काम? वाट सांग."

हे माझे वडील नाहीत.

मी आमच्या मधल्या रिकाम्या जागेवर भंडारा टाकला. नागू किंचाळून रडली. त्याला भाजलं म्हणते.

१३ एप्रिल, परतीच्या वाटेवर

नागू जेवत नाही. हात थंडगार. गाडीत पुटपुटत असते. मी कान देऊन ऐकलं. मागं गावी आली होती, तेव्हाची आमच्या घरची वाट सांगत होती. बसवकल्याणला मोटारीत बसायचं, फाट्यावर उतरायचं, मारोतीच्या देवळापासून आत वळायचं. सांगू नको म्हणून तिला दटावलं, तर म्हणाली, "सांगितलं न्हाई की त्यो हात दाबतोय." मनगट बघितलं. बोटांचे वळ, निळे. माझ्या बोटांपेक्षा लांब—

१४ एप्रिल, गेरिक

सिद्धू चिडला. "मामा, तुमीच हे लेकराच्या डोस्क्यात भरवलंय." खरं आहे. मीच बोल म्हणालो. मीच बोलावलं.

डॉक्टरनं तपासलं, काही नाही म्हणाला.

त्याला नेलं तर तो घरात येईल. टाकून गेलो तर शपथ मोडते, घर बसतं. दिवसभर मल्लण्णाचं नाव घेतो आहे. शपथेचे शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. घेतल्याबिगर घर बघणार नाही. मग घर बघायचंच नाही. मी इथं राहिलो तर त्यालाही माझ्याबरोबर इथंच—

पार्वती—

१५ एप्रिल, तैपिंग

पुलावर लघवीला म्हणून उतरलो. पासपोर्ट नदीत टाकला. आता मागं फिरणं नाही.

त्यांना सांगितलं, थडग्यावरचा विधी राहिलाय, उद्या बसनं येतो. सिद्धू म्हणाला, विमान चुकलं तर मामी मला सोलून काढतील. हेमावती पाया पडली. तिला पोटाशी धरलं, जास्त वेळ नाही. ओळखलं असतं.

गाडी गेली. मी दगडापाशी येऊन बसलो. म्हणालो, मी हाय हितं, तूबी हितंच ऱ्हा.

खांदा हलका झालाय. एकदम हलका. देव पावला म्हणून रडलो—



मग आठवलं. गाडी वळताना काचेतून नागू दिसली होती. तिनं हात केला नाही. बाजूला बघून बोलत होती. घरची वाट तर आता त्याला सगळी ठाऊक— आणि मागच्या सीटवर मी नव्हतो, सबंध सीट मोकळी, मग नागू अंग चोरून कडेला सरकून कुणाला जागा—