बॅग भरताना न सांगितलेलं

रविवार, दुपार. मे महिना.

दादा, चार वर्षं झाली, या वहीत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. माफ करा. आधीचं दीड वर्ष दवाखान्यांच्या फेऱ्यांत गेलं, मग लेक झाली, आणि ती झाल्यापासून बसून लिहिण्याएवढा सलग वेळ मिळालेला नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणजे तुम्ही तुमच्या या नातीला पाहिलेलंच नाही. ती अडीच वर्षांची आहे आणि मी सेहेचाळीस. तिला उचलून आपल्या पुंडलिकनगरच्या घराचा जिना चढलो की गुडघे बोलतात. आता ती झोपली आहे. बायको शेजारच्या खोलीत बारीकसारीक कपड्यांच्या घड्या घालते आहे. परवा, मंगळवारी पहाटे आम्ही पुण्याच्या पलीकडं एका मोठ्या वॉटर पार्कला निघणार आहोत. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याच्या खोट्या लाटा. त्यातलं तिच्या उंचीला चालणारं फारसं काही नाही, हे मी वाचून ठेवलं आहे. मग कुणासाठी चाललोय, हा प्रश्न तीन दिवस डोक्यात आहे.

सामान तीन माणसांचं आणि बॅगा चार. डायपर, ओले रुमाल, तापाचं औषध, थर्मामीटर, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, थर्मास, तिची ती फाटकी चादर जिच्याशिवाय ती झोपत नाही. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तरी बायकोनं दशम्या करायचं ठरवलंय, वाटेत खायला. भरलेली बॅग लेक रिकामी करते, आम्ही परत भरतो. शुक्रवारपासून हेच चाललंय.

आपण नागपूरला निघायचो तेव्हा तुम्ही सगळं एका वळकटीत बसवायचे. आणि निघायच्या आधी आम्हा भावंडांना ओळीनं उभं करून प्रत्येकाच्या खिशात एकेक चिठ्ठी घालायचे. नाव, बापाचं नाव, वस्ती, बापाच्या कारखान्याचा पत्ता. वरून सेफ्टी पिन. ‘हरवलात तर रडायचं नाय, चिठ्ठी दाखवायची,’ असं बजावायचे. दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या खिशात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी असायची, कारण सगळे तुमच्याकडूनच लिहून घ्यायचे. मी पाच वर्षांचा होतो, त्या वर्षी तुमचं बोट सुटलं. निळ्या टोपीच्या एका स्वयंसेवकानं माझी पिन काढली आणि माझं नाव भोंग्यावरून घुमलं. तुम्ही गर्दी कापत आलात आणि आल्या आल्या मला एक थोबाडीत दिलीत. ‘हात का सोडला?’ ती थोबाडीत मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. बायकोला तर लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितली. हात मी सोडला नव्हता, हेही सांगितलं.

मागच्या आठवड्यात, शनिवारी पार्कसाठी पोहण्याचे कपडे घ्यायला मी लेकीला घेऊन औरंगपुऱ्यात गेलो. साधे कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. बायको घरी पेपर तपासत होती. दुकानाच्या दारात मी फोन काढला. बायकोनं पाठवलेलं माप बघत होतो, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. माप मला पाठ होतं. मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. मान वर केली तर बाजूला लेक नव्हती.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील, दहाही असतील. मी हाका मारत रस्त्याच्या चुकीच्या दिशेला पळालो आणि परत फिरलो. ती दोन दुकानं पलीकडं, बांगड्यांच्या गाड्यापाशी एका बुरख्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर बसली होती. मी हात पुढं केला, तर बाईनं तिला मागं ओढलं.

‘ठहरो. तुम्हारी है बोलके कैसा मानूं?’ आणि लेकीला विचारलं, ‘बेटा, ये कौन है? तेरे अब्बा है क्या?’

‘नाय,’ लेक म्हणाली. सध्या ती सगळ्यालाच नाय म्हणते. दूध, नाय. झोप, नाय. बाबा, नाय.

‘देखो, नै बोल रही बच्ची.’

चार माणसं थांबली. मी त्यांना फोनवर लेकीचे फोटो दाखवले, एकामागून एक, चोरासारखा घाम पुसत. शेवटी बाईनं तिला माझ्या हातात दिलं. ‘फोन में इत्ते फोटू हैं, और बच्ची सड़क पे. क्या भाई तुम भी.’ तिनं लेकीच्या हातात दोन लाल बांगड्या चढवल्या होत्या, त्या काढू दिल्या नाहीत. आणि दादा, लेक छातीशी आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? इकडंतिकडं बघितलं, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून.

घरी बायकोनं विचारलं, ‘बांगड्या छान हायेत. कुठल्या?’

‘घेतल्या,’ मी म्हणालो.

आज सकाळी ते खोटं आणखी वाढलं. बायकोच्या मैत्रिणीनं एक छोटी पाठपिशवी दिली आहे, तिला मागं दोरी असते, दुसरं टोक आईबापाच्या मनगटाला. महिन्यापूर्वी ती बघून मी हसलो होतो. म्हणून बायकोनं ती सामानातून काढून ठेवली होती. मी ती गुपचूप परत बॅगेत घातली.

‘हे कुणी ठेवलं?’

‘असू दे.’

‘अहो, तुम्हीच म्हणत होता ना, लेकराला दावं लावायचं का, कोकरू हाय का ते?’

‘गर्दी असते तिथं.’

‘गर्दी तवा नव्हती व्हय?’ ती घडी घालायची थांबली. ‘काय झालंय का?’

‘काय नाय.’

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि पिशवी राहू दिली. पार्कमध्ये ती मोठ्या घसरगुंडीवर जाणार आहे, तिची फार दिवसांची इच्छा आहे. तेवढा वेळ लेक माझ्याकडं असेल. ‘हे हायेत ना, मग मला काय काळजी,’ असं ती परवा तिच्या आईला फोनवर सांगत होती. कोणाच्या भरवशावर जाते आहे ते तिला ठाऊक असायला हवं. ठाऊक असूनही ती गेली, तर गोष्ट वेगळी.

नागपूरच्या त्या दिवसाचा उरलेला भाग मी कुणाला सांगत नाही. आई बायकांबरोबर जेवणाच्या रांगेत होती. तिला काहीच कळलं नव्हतं, कळायचं कारणही नव्हतं. तुम्ही मला घेऊन थेट तिच्यासमोर उभे राहिलात आणि सगळ्या बायकांदेखत म्हणालात, ‘माझ्या हातून सुटला होता हा. मी पुस्तकं बघत होतो.’ परतीच्या बसमध्ये वाशीमपर्यंत ती तुमच्याशी बोलली नाही. पुढं सगळा जन्म ती टोमणा मारत राहिली, ‘पुस्तक सांभाळलं, पोरगं नाय.’ तुम्ही कधी उलटून बोलला नाहीत. तुमची थोबाडीत चुकीची होती, हे मी आजही म्हणेन. पण तुम्ही सांगितलं होतं, आणि मला आठ दिवस झाले तरी जमलेलं नाही. भांडणाला भितो असंही नाही. भांडण तर मला परवडेल. बायको नंतर प्रत्येक वेळी लेकीला माझ्याकडं देताना क्षणभर थांबेल, ते थांबणं मला बघवणार नाही.

लेक उठली वाटतं. आतून ‘नाय, नाय’ चालू झालंय आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येतोय.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, हे लिहायला बसतानाच माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर तुमची आठवण आली म्हणून मी वही उघडलेली नाही. हे सगळं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला सांगता येतं का, ते बघत होतो.

उद्या : सकाळी चहाला बसल्यावर, बॅगा गाडीत ठेवायच्या आधी, तिला सांगणं. स्कोअरसकट.