लढाऊ विमानाचा गंज

३ मार्च
आमच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळाच्या ग्रुपात सगळ्यांनी एकाच रंगाचं फायटर उडवायचं ठरलंय. रंगकाम कोणाचं घ्यायचं ते महिनाअखेर कॅप्टन ठरवणार. (कॅप्टन म्हणजे ग्रुपचा ॲडमिन. एरवी औषधांचं दुकान चालवतो.) बाकीच्यांची विमानं शोरूममधून काढल्यासारखी चकाचक. माझं मात्र लढाई मारून आलेलं दिसणार. तेलाचे ओघळ, धूर, उडालेला रंग! निवड माझीच. फक्त काम सुरू करायचं बाकी आहे.

५ मार्च, सकाळ
खरा गंज कसा दिसतो ते नेटवर शोधून थकलो. दूध आणायला बाहेर पडलो तर समोर आमचंच फाटक. काय ते पोपडे, काय तो रंग! भरपूर फोटो काढले. दूध राहिलं.

८ मार्च
बायको नोकरी सोडून खालच्या खोलीत शिवणकाम सुरू करतेय. तिचं म्हणणं, गिऱ्हाईक आधी फाटक बघतं, तेव्हा ते लगेच रंगवा. डबा आणि ब्रशही आणून ठेवलाय. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत फाटकाला हात लावायचा नाही, तो माझा रेफरन्स आहे. नीट समजावून सांगितलं. तिला पटलं असावं, कारण ती डबा माझ्या कीबोर्डवर ठेवून खाली निघून गेली.

१४ मार्च
फाटकावर पाणी मारलं की गंज अजून खुलतो. बायकोने पाणी मारताना बघितलं. विषय वाढला.

१९ मार्च
तिचं पहिलं गिऱ्हाईक. पलीकडच्या शाळेतल्या बाई. आत येताना फाटकाला घासल्या आणि पांढऱ्या ड्रेसवर वीतभर तांबडा पट्टा. मी धावत गेलो आणि फोटो काढला. कडेला फिकट होत जाणारा असा पट्टा मला काही केल्या साधत नव्हता. बाई आल्या पावली परत गेल्या. बायको जेवली नाही. वाईट वाटलं. पण पंखांच्या कडा फर्स्ट क्लास जमल्या.

३१ मार्च
कॅप्टनने सगळ्यांसमोर लिहिलं, मेहनत दिसते, पण विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तांबडा गंज चढत नाही. हे विमान समुद्राच्या तळातून काढलंय का? खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. निवड एका चकाचक विमानाची झाली.
कलाकाराच्या स्वातंत्र्यावर सणसणीत उत्तर लिहायला घेतलं. मग लक्षात आलं, खालून मशीनचा आवाज येत नाहीये. डोकावलो. बायको मशीनपाशी हाताची घडी घालून बसली होती. त्या बाईंनंतर कुणी फिरकलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ एप्रिल
फाटक पॉलिश पेपरने घासून घासून हाताला फोड आले. प्राइमर झाला, वर हिरवा रंग झाला. एक ओघळ नाही. आज दुपारी शाळेतल्या बाई पुन्हा आल्या, पण बाहेरच थांबल्या. रंग वाळलाय का विचारलं, फाटक आत-बाहेर करून बघितलं. मग तोंडाला फडकं बांधून डबे आवरणाऱ्या मला म्हणाल्या, पेंटरदादा, हात सफाईदार आहे हो तुमचा, आमच्याही फाटकाचं बघा ना.
बायको खिडकीत उभी राहून ऐकत होती. मी कोण ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, तुम्ही आधी माप द्यायला आत या, यांना रविवारी पाठवते.