सोळा पॉइंट चार

२ मार्च २०१६, उदगीर
लेकीनं, उमादेवीनं, लंडनहून साखर मोजायचं मशीन पाठवलं. म्हणायला फुकट. खरी किंमत: फोनवर तिचं पाऊण तास भाषण, बायको शिवकांताचे चार टोमणे, बोटाला तीन भोकं. पहिली दोन वाया गेली, मी डोळे मिटले होते.
आकडा १६.४! आमचे डॉक्टर म्हणतात, उपाशीपोटी एकशेदहाच्या खाली ठेवा. मी कुठल्या कुठं खाली. आकड्याशेजारी बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. कंपनीचं नाव असणार.

४ मार्च
गोळ्या बंद. बायकोला सांगितलं नाही.
पाण्याच्या टाक्यांचं दुकान शून्यातून उभं केलंय मी. पाचशेच्या टाकीत चारशेसत्तरच लिटर मावतं, हे मला नुसतं बघून कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही. दुष्काळात टाक्या धडाधड खपायल्यात. मापात मला कोण फसवणार?
संकल्प: १ मे, उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा. झेंडा घेऊन सगळ्यात पुढं मी. नवे बूट घेतले.

११ मार्च, सकाळ
१८.४. काल एक प्लेट जिलबी, म्हणजे दोनचा फरक. एकशेदहापर्यंत अजून पंचेचाळीस प्लेटा बसतात.

२० मार्च
टाक्या वाहणाऱ्या निवृत्तीची साखर मोजली. ५.१! घाबरलोच. म्हटलं, निवृत्ती, तुझ्यात काही उरलंच न्हाई. तो म्हणाला, मालक, पहाटे दोन कोसांवरून पाणी आणून मग कामावर येतो, उरंल कुठून?
दोन लाडू खायला लावले. मोर्चाला येऊ नको म्हटलं, उन्हात पडशील. मन मोठं आहे माझं.

८ एप्रिल
नवा बूट चावला. उजव्या अंगठ्याला फोड. दुखत नाही, म्हणजे बरा व्हायलाय.
तहान लई. शिवकांता म्हणते, गावाला आठ दिवसाला पाणी, अन् तुमी एकटे घागर संपवता. उन्हाळा आहे, दुसरं काय.

१९ एप्रिल
२३.७. अंगठा काळा. हळद लावली. शिवकांता म्हणते, वास येतो. पाणी नसलेल्या गावात सगळ्यांनाच येतो.
संकल्प: जिलबी अर्धी प्लेट.

२२ एप्रिल, लातूर, दवाखाना
शिवकांतानं गाडीत घालून आणलं. पुरावा म्हणून मशीन सोबत घेतलं. डॉक्टरांनी बारीक अक्षरं वाचली. हसले नाहीत.
कंपनीचं नाव नाही ते. तिकडं साखरेचे रेणू मोजतात, लिटरला इतके मिलिमोल. आपल्याकडं वजन धरतात, शंभर मिलिलिटरला इतके मिलिग्रॅम. साखरेचा हिशेब असेल तर अठरानं गुणायचं. मी माझे २३.७ तोंडी गुणले. चारशेसव्वीस. निवृत्तीची ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले, एकदम ठणठणीत माणूस आहे तो.
मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिहायला काय होतं? शुद्ध फसवणूक आहे!
शिवकांता म्हणाली, तुमच्या टाकीवर तरी कुठं लिहिलंय?

२४ एप्रिल
अंगठा काढला. शेजारची दोन बोटंही. बाकीचा पाय राहील का, डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.
मोर्चाला अजून सात दिवस आहेत. सात दिवसांत लई होतं.

१ मे, उदगीर
काल घरी आणलं. मोर्चा खिडकीखालून गेला. झेंडा घेऊन सगळ्यात पुढं निवृत्ती. पायात माझे नवे बूट. शिवकांतानं दिले.
दोन्ही बसलेत त्याला.