ह्यांच्या माशांच्या दिव्यातला पंखा

४ ऑगस्ट २०२०, मंगळवार
मासे ह्यांचे, टाकी ह्यांची, दिवा ह्यांनी हौसेने आणलेला, आणि त्या दिव्यातल्या पंख्याची घरघर ऐकायची मी. हे फेब्रुवारीअखेर तीन आठवड्यांसाठी कुडाळला भावाकडे गेले ते तिकडेच अडकले. विमानं बंद. मी इथे मेलबर्नजवळ टार्निटला माशांची आया. दिवसभर वृद्धाश्रमात भांडी घासून यायचं आणि घरी हे खर्रर्र. पंखा दोन बोटांचा, आवाज पिठाच्या गिरणीचा. ह्यांची आठवण वगैरे काही नाही, त्रास आहे तो पंख्याचा. परवा सुट्टी आहे, दुरुस्त करते. शाळा सातवी असली तरी शिवणयंत्र मी स्वतः खोलते.

६ ऑगस्ट, गुरुवार
झाकण उघडलं. चार स्क्रू. एक हरवला, जास्तीचा असणार. धूळ पुसली, खोबरेल सोडलं दोन थेंब. आवाज निम्मा! पायल म्हणाली, मम, गूगल फर्स्ट. युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीला, जाते म्हणून आईला शिकवते. सध्या तर युनिला बेडरूममध्येच जाते.

७ ऑगस्ट, सकाळी ६
दिवा लावला. आवाज पूर्ण बंद. कंपनीला जमलं नाही ते मला जमलं.

७ ऑगस्ट, दुपार
पंखाही बंद. इथे ऑगस्टात हिवाळा, थंडीने बाटलीतलं खोबरेल थिजलंय, तसंच आतलं. दिवा तापून आपोआप विझला. ह्यात माझी चूक नाही, मेलबर्नच्या हवेची आहे.

९ ऑगस्ट, रविवार
ह्यांचा फोन. आधी मासे कसे आहेत, मग पायल, मग मी. दिव्याचं बोलले नाही, उगाच काळजी करतील. परतीच्या विमानाला नाव नोंदवलंय म्हणाले, पण गणपती झाल्यावर निघणार. बरोबर आहे, कोकणातला माणूस गणपतीआधी निघतो का? वेळ जात नाही म्हणून भावाच्या जागेत दोनशे काजूची कलमं लावली म्हणे. स्वस्थ बसणारे नाहीतच.

१२ ऑगस्ट, बुधवार
लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरबाहेर जायला बंदी, माशांचं दुकान सात किलोमीटरवर. पायलने पंख्यावरचा स्टिकर वाचून ऑनलाइन मागवला. हे यायच्या आत बसवते.

१९ ऑगस्ट, बुधवार
पार्सल नाही. पोस्टात फोन केला. डिले आहे म्हणाला, नो वरीज म्हणाला. तुला नसतील. टाकीतली झाडं पिवळी पडली. मासे माझ्याकडे बघतात, मी माशांकडे.

२५ ऑगस्ट, मंगळवार
पंखा आला. जुन्याच्या वायरी मी मुळापासून कापून टाकल्या होत्या, त्या थोड्या ठेवायच्या असतात म्हणे. हे पायलने आज सांगितलं. म्हणे तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा इंग्रजीत सांगितलं असेल.

३० ऑगस्ट, रविवार
फोन नाही. गणपतीची गडबड. पायल म्हणते, बाबांचं नाव विमानाच्या लिस्टवर नाही. नाव नोंदवलं की ईमेल येते, बाबांची ईमेल तीच बघते, आलेली नाही. मी म्हटलं, नीट बघितलं नसशील. म्हणाली, ट्वाइस, मम. कुडाळला रेंज नसते, तिला काय माहीत.

३ सप्टेंबर, गुरुवार
तीनदा फ्यूज उडवला. मग लालला लाल, काळ्याला काळी, वर टेप. फिरला! आवाज नाही. इतका नाही की फ्रिजची घुरघुर ऐकू येते. घर कसंतरीच वाटतंय. ह्यांना दाखवायला व्हिडिओ काढून ठेवला. खूश होतील.

६ सप्टेंबर, रविवार
फोन आला. व्हिडिओ दाखवला. छान केलंस म्हणाले. मग म्हणाले, कशाला एवढा त्रास घेतेस विमल, मासे देऊन टाक कुणाला तरी. टाकीसकट.
मी म्हटलं, आणि तुम्ही आल्यावर?
म्हणाले, बघू.
पायल बाजूलाच उभी होती. तिने माशांना खाणं टाकलं.
माझी दगदग त्यांना बघवत नाही, असं लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं.
संध्याकाळी मेसेज टाकला. पायलकडून तपासून घेतला नाही, चुका असतील तर असोत: मासे कुणाला द्यायचे ते मी बघते. तुम्ही येणार की नाही ते येत्या रविवारपर्यंत कळवा.