ठोकलेल्या खुणांचा डॉलर

चऱ्होली,
ता. ४ मार्च १९७४

ति. भीमदादास कस्तुराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. परवा बाळाच्या बारशाला आलास, पोटभर जेवलास आणि जाता जाता माझ्या गळ्यातला चांदीचा डॉलर हातात घेऊन हा रिजेक्ट माल आहे असं सगळ्यांदेखत म्हणालास. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

आबा पलटणीत सिंगापूरला होते तेव्हा त्यांनी तिकडची चांदीची दोन नाणी, हे डॉलर, आणली, एक तुला, एक मला. आता सासूबाई आळीभर सांगत सुटल्यात की माहेरच्यांनी लग्नात खोटी चांदी देऊन फसवलं. वारलेल्या बापाला तू लबाड ठरवलंस की रे! ह्यांच्याबरोबर डॉलर पाठवतेय. खरा आणून द्या, नाहीतर लेक घेऊन जा, असा सासूबाईंचा निरोप आहे.

तुझी,
कस्तुरा

पिंपरी,
ता. ९ मार्च

चि. सौ. कस्तुरास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मीही तापलो. सात वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे एखादा जॉब, म्हणजे बनवलेला भाग, नापास झाला की त्यावर पंच ठोकतात आणि तो भंगारात जातो. तुझ्या डॉलरवर तशाच तीन बारीक खुणा ठोकल्यात. माझ्या डॉलरला बघ, ओरखडासुद्धा नाही. तिकडं कुणीतरी आबांना फसवलं असेल, त्यात माझा काय गुन्हा?

तरी आबांच्या पलटणीतले साहेबरावकाका देहूरोडला असतात, त्यांना दोन्ही दाखवतो. मग तर पटेल? बाळाला जप.

तुझा दादा,
भीमराज

पिंपरी,
ता. १७ मार्च

चि. सौ. कस्तुरास आशीर्वाद.

कुठल्या तोंडानं लिहू? काकांनी मला तासभर झापलं. तिकडचे चिनी दुकानदार डॉलर वाजवून, तोलून बघायचे आणि चांदी पटली तरच आपली खूण ठोकायचे. म्हणजे तुझा डॉलर तीन दुकानांत पास झालेला आहे. मग काकांनी माझा फरशीवर टाकला. बद्द वाजला. कडेवर सांध्याची रेघ निघाली, साच्यात ओतलेला माल. काट्यावर तुझ्यापेक्षा हलका भरला.

आईला विचारलं. माझा खोटा आहे हे आबांना ठाऊक होतं म्हणे. लेकीचं परक्या घरी पारखतील, खरा तिला द्यायचा, पोरगा काय, घरचाच आहे, असं ते म्हणायचे.

डॉलर आणि काकांची चिठ्ठी दाजींकडे दिलीय. चिठ्ठी सासूबाईंना वाचून दाखव. या गाढवाला माफ कर.

भीमराज

चऱ्होली,
ता. २३ मार्च

ति. दादास जयभीम.

ह्यांनी चिठ्ठी वाचली. सासूबाई बरं बरं म्हणाल्या आणि डॉलर माझ्या गळ्यात घालायला पुढं आल्या. मी घालून घेतला नाही. खोटं आळीभर सांगितलंत, आता खरंही आळीभर सांगा, मग घालते, असं तोंडावर सांगितलं. लेक घेऊन जा ही भाषा बंद झाली, पण घरात कुणी कुणाशी बोलत नाही. नाही तर नाही.

तुझ्यावरचा राग मात्र जात नाही. सासूबाई परक्या, त्यांचं सोड. त्या दुकानदारांचं आपलं काही नातं नव्हतं. तरी त्यांनी आधी वाजवून पाहिला, तोलून पाहिला, मग निकाल दिला. आणि तू, आबांच्या मांडीवर वाढलेला, एक नजर टाकून आबांना भंगारात काढलंस.

पत्रातली माफी मला नको. रविवारी ये, बारशाला जमलेल्या त्याच बायांसमोर उभा राहा आणि चूक माझी होती असं मोठ्यानं बोल. तोवर माझ्याकडून लोभाची विनंती नाही.

आबांची लेक,
कस्तुरा