दामूमामाची चेन आणि माझं रॅप

रविवार, १० मे २०१५

हळदीत सोन्याची चेन मिरवत डीजेवर नाचणाऱ्या आमच्याच लोकांची टर उडवायला मी विनोदी रॅप गाणं काढलं, नेटवर टाकलं. वाटलं, शिव्या पडतील. शिव्या कसल्या! काल कळंबोलीला मावसबहिणीच्या हळदीत तेच गाणं पाच वेळा वाजलं. ज्याच्या चेनवरून सुचलं, तो दामूमामाच सगळ्यांत पुढे. वर मलाच म्हणतो, "गानं भारी हाय, पन माजं नाव का नाय टाकलंस?"

अरे मामा, टोमणा होता तो! कुठे डोकं आपटू?

मग त्याने ती चेन काढून माझ्याच गळ्यात घातली. आणि मी काय केलं? गाणं पाचव्यांदा लागलं, तेव्हा मधोमध मीच नाचत होतो.